मार खाणाऱ्याची बाजू

सिनेमात मारामारी सुरू झाली की माझी नजर हिरोवर ठरत नाही. त्याची लाथ बसल्यावर जो गडी टेबलावरून उडून मागच्या खोक्यांत जाऊन कोसळतो, मी त्याच्याकडे बघतो. हनुवटी आत घेतली होती का, हात कसा टेकला, आधी पाठ लागली की खांदा. बायको म्हणते, तुमच्यासंग पिक्चर पाहणं म्हणजे डोक्याले ताप. तिचं चुकत नाही. पण गावातल्या पोरापोरींना संध्याकाळी ज्युडो शिकवणाऱ्या माणसाला मारणाऱ्यापेक्षा पडणारा जवळचा वाटणारच.

आणि पडद्यावरची अर्धीअधिक मारामारी त्या पडणाऱ्यानेच उभी केलेली असते. हिरोचा मुक्का समोरच्याच्या तोंडापासून चांगला वीतभर लांबून जातो. कॅमेरा अशा कोनात लावतात की मधलं अंतर दिसत नाही. मग मार खाणाऱ्याने नेमक्या क्षणी मान झटकायची, दोन पावलं भेलकांडायचं आणि पडायचं. आवाज नंतर स्टुडिओत भरला जातो. मान झटकायला जरा उशीर झाला की सगळा पराक्रम हसण्यावारी जातो. पूर्वी कॅमेरा किंचित हळू चालवून चित्रण करायचे, म्हणजे नेहमीच्या वेगाने दाखवलं की हातपाय भराभर चालल्यासारखे दिसत. आता तारा बांधून माणसं उडवतात आणि त्या तारा संगणकावर पुसून टाकतात. काहीही करा, शेवटी जमिनीवर कोणाचं तरी खरं अंग आदळावंच लागतं.

जॅकी चॅनचं मला म्हणूनच अप्रूप आहे. लहानपणी त्याला हाँगकाँगमधल्या चिनी ऑपेराच्या शाळेत घातलं होतं. गाणं, कोलांट्या, काठी, पडणं, सगळं एकाच मारकुट्या गुरूच्या हाताखाली. १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये तो ब्रूस लीच्या हातून मार खाणाऱ्या गुंडांतला एक किरकोळ गुंड होता. म्हणजे या माणसाची सुरुवात पडण्यापासूनच झाली. पुढे स्वतः हिरो झाल्यावरही त्याने ती बाजू सोडली नाही. ‘आर्मर ऑफ गॉड’चं चित्रीकरण युगोस्लाव्हियात चाललं होतं. झाडावर उडी घेताना फांदी हातातून गेली, डोकं दगडावर आपटलं, कवटी फुटली आणि मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या सिनेमांच्या शेवटी नावं सरकत असताना फसलेल्या उड्या आणि आपटलेली माणसं दाखवायची रीत होती. माझं मत विचाराल तर सिनेमाचा शिकण्याजोगा भाग तेवढाच. लोक मात्र तोवर खुर्चीवरून उठून दाराकडे निघालेले असत.

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी मचूळ, माती काळीभोर. उन्हाळ्यात वावराला अशा भेगा पडतात की चप्पल अडकावी, आणि पावसाळ्यात तीच माती पाय धरून ठेवते. या मातीत कपाशी होते, तूर होते, कुस्ती होत नाही. गावात जुना आखाडा होता, त्यासाठी लाल माती बाहेरून आणायचे. ती चाळायची, त्यात ताक, तेल, हळद मिसळायची आणि रोज खणून भुसभुशीत ठेवायची. हा मातीचा हौद खणण्यातच पोरांचा निम्मा व्यायाम होऊन जाई. आखाडा आता पडका आहे. एक भिंत, शेंदूर फासलेला हनुमान आणि कोणालाही न उचलवणारं एक मुदगल, एवढं शिल्लक आहे.

ज्युडो मी अमरावतीला शिकलो, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. आमच्या भागातले बरेचसे पीटीचे मास्तर तिथूनच घडून आलेले. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेली ही संस्था, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने परदेशी लोकांसमोर देशी खेळ करून दाखवले. मला त्या पथकाचं राहून राहून वाटतं ते असं की जाताना त्यांच्याकडे दाखवायला स्वतःची शरीरं सोडून काहीच नव्हतं. पडदा नाही, पार्श्वसंगीत नाही. चुकलं तर लोकांसमोर चुकणार.

गावात वर्ग घ्यायचा ठरवला तेव्हा पहिला प्रश्न गाद्यांचा. बाजारातल्या ज्युडोच्या मॅट परवडण्याच्या बाहेर. तेव्हा लाकडी चौकट केली, तिच्यात कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ठासून भरलं आणि वरून जाड ताडपत्री ताणून बांधली. तुरीचं कुटार चालत नाही, काड्या ताडपत्रीतून टोचतात. सोयाबीनच्या कुटाराची धूळ होते आणि पोरं खोकत बसतात. गव्हाचं सगळ्यात बरं. मधला भाग रोज धसतो, म्हणून आठवड्याला सोडून पुन्हा भरायचं. ज्याच्याकडून कुटार आणलं तो उन्हाळ्यात हटकून दारात उभा राहतो, ‘सर, ढोरायले पुरून नाही राह्यलं, थोडंसं वापस भेटन काय?’ द्यावं लागतं. मे महिन्यात आमच्या गाद्या बैल खातात.

पोशाखाचंही तसंच. ज्युडोचा अंगरखा ओढाताण सोसेल असा दणकट लागतो. गावच्या शिंप्याने जाड मांजरपाटाचे दोन थर करून शिवला आणि गळ्याची पट्टी बाजेच्या नवारीची लावली. नवार मानेला घासते, पण फाटत नाही.

पहिले कित्येक दिवस मी फक्त पडायला शिकवतो. मागे पडणं असं. आधी उकिडवं बसायचं. हनुवटी छातीला, नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर. हात छातीशी आडवे. मग मागे कलंडायचं आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली, ताडपत्रीवर सपकन आपटायचे. हात अंगापासून थोडेच लांब. खांद्याच्या रेषेत पसरले तर खांदा दुखावतो. श्वास सोडायचा, धरायचा नाही. ऐकायला सोपं आहे. पण माणूस मागे जायला लागला की त्याचा हात आपोआप मागे टेकायला जातो, आणि मनगट किंवा गळपट्टीचं हाड मोडतं ते तिथेच. ही जन्माची सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हनुवटीचंही तेच. ‘पोट पहा, पोट!’ असं ओरडून माझा घसा बसतो. पोर डोळे मिटून, तोंड आकाशाकडे करूनच पडतं आणि डोकं ठक्कन लागतं. मग रडू. मग पुन्हा.

उकिडवं जमलं की अर्धं वाकून, मग उभं राहून, मग एकाने ढकलल्यावर, मग कुशीवर, मग पुढे गोल कोलांटी घेऊन. गावातल्या हनुमानाच्या मंदिरात सामुदायिक प्रार्थना संपली की आमचा आवाज सुरू होतो, सपाक, सपाक, सपाक. म्हातारी मंडळी ओट्यावर बसून बघतात. त्यांतल्या एकाने एकदा विचारलंच, ‘काहो, हे पोट्टे निस्तेच पडून राह्यले, हाणाचं कवा शिकवसान?’

पोरांचाही प्रश्न तोच, फक्त भाषा मोबाइलची. ‘सर, फ्लाइंग किक कवा?’ ज्युडोत किक नाहीच, हे ऐकल्यावर काही जण दुसऱ्या दिवशी येत नाहीत. जूनच्या शेवटी शाळा उघडते तेव्हा गादीवर जागा पुरत नाही. पोळ्यापर्यंत निम्मी गळतात. त्यांना मी दोष देत नाही. सिनेमात शिकण्याचा सगळा काळ एका गाण्यात उरकतो. पहिल्या कडव्यात हिरो पडतो, दुसऱ्यात डोंगर चढतो, तिसऱ्यात गुरूलाच पाडतो. गाण्यात जे कापून टाकलेलं असतं तेवढंच माझ्याकडे शिल्लक असतं. कंटाळा, तीच कृती, उद्या पुन्हा तीच कृती, आणि नवारीने सोललेली मान.

फोगाट बहिणींच्या कुस्तीवरचा ‘दंगल’ आला तेव्हा आमच्याकडे मुलींची संख्या एकदम वाढली, त्याबद्दल त्या सिनेमाचे उपकारच मानतो. एरवी जे बाप पोरीला संध्याकाळी अंगणाबाहेर पाठवायला तयार नव्हते तेच तिचा हात धरून घेऊन आले. पण त्यातला शेवटचा सामना आठवा. शेवटचे काही सेकंद, गुण कमी, वडील खोलीत कोंडलेले, आणि मग ती उचल. थिएटरात शिट्ट्या. प्रत्यक्षात २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटने ५५ किलो गटाची अंतिम कुस्ती ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेनस्टेडविरुद्ध १-०, ७-० अशी दोन फेऱ्यांतच संपवली. कोंडण्याबिंडण्याचा प्रसंगही रचलेलाच. सिनेमावाल्यांची अडचण मला कळते. ७-० वर कोण टाळ्या वाजवणार? पण खरी मेहनत मला त्या ७-० मध्ये दिसते. ज्याने वर्षानुवर्षं अंग झिजवलं त्याची कुस्ती बघायला बऱ्याचदा कंटाळवाणी असते. समोरच्याला काही करूच देत नाही, संपला विषय. अटीतटीच्या कुस्त्या होतात, नाही असं नाही. पण सिनेमाला दर वेळी तीच लागते.

दमाचंही असंच. पडद्यावर दोघं दहा मिनिटं मारामारी करतात आणि मधे मधे संवाद बोलतात. ज्युडोचा मोठ्यांचा सामना चार मिनिटांचा. नवख्याला पहिल्यांदा मोकळ्या लढतीत उभं केलं की मिनिटभरात त्याची छाती भात्यासारखी चालते आणि हाताची पकड मऊ पडते. संवाद सोडा, स्वतःचं नाव विचारलं तर सांगता येणार नाही.

खऱ्या मारामारीबद्दल म्हणाल तर आमच्या भागात ती बहुतेक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर होते. कोणीतरी नांगरताना दुसऱ्याच्या धुऱ्यात तास घेतो, बोलाचाली होते आणि काठी उचलली जाते. कधी कुऱ्हाडही. कोणी पवित्रा घेत नाही. एकामागून एक यायला कोणी रांगेत उभं राहत नाही, सगळे एकदम येतात आणि दोन मिनिटांत प्रकरण आटोपतं. त्यानंतरचा भाग सिनेमात कधीच येत नाही. सरकारी दवाखान्यात टाके, ठाण्यात रिपोर्ट, आणि मग तालुक्याच्या कोर्टात तारीख पे तारीख. जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता २०२४ च्या १ जुलैपासून लागू झाली, पण लोकांच्या तोंडी कलमं अजून जुनीच आहेत, हत्याराने इजा केल्याची ३२४ लागली की गंभीर इजेची ३२६. ज्याने काठी घातली तो आणि ज्याला लागली तो, दोघंही एकाच एसटीने तारखेला जातात, वर्षानुवर्षं, एकमेकांकडे न बघता. वावर विकून वकील केलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून वर्गातल्या मोठ्या पोरांना मी एवढंच सांगतो की भांडण दिसलं तर आधी पाय मोकळे ठेवा, निघून यायला.

मुलींच्या आयांचा प्रश्न याहून अवघड. एसटीच्या थांब्यापासून गाव लांब, मधे पांदण, आणि दिवाळीनंतर शाळा सुटेस्तोवर अंधारून येतं. एका आईने विचारलं, ‘चार जण आडवे आले त हे काय करन?’ सिनेमात अशा वेळी एकटी पोरगी चौघांना लोळवते. मी म्हणालो, पळेल. त्या बाईचा चेहरा पडला, तिला दुसरं काही ऐकायचं होतं. तिच्या पोरीला मी हात सोडवायला शिकवलंय. कोणी मनगट धरलं की त्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका द्यायचा. चार बोटांच्या जोरापेक्षा एकट्या अंगठ्याचा जोर कमी असतो. ओरडायला शिकवलंय. गादीवर पोरी लाजतात, आवाज फुटत नाही, तेही पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. आणि पडली तर लगेच उठायला शिकवलंय. हे सगळं निसटण्यासाठी, चौघांना मारण्यासाठी नाही. तीन महिन्यांच्या शिबिरात पोरींना रणरागिणी करून सोडणारे लोक येतात, फोटो काढतात आणि जातात, त्यांचा मला मनापासून राग येतो. अर्धवट हिंमत देऊन पाठवणं हा धोका आहे.

पडण्याचा उपयोग मात्र रोजचा. वर्गातली एक मुलगी मामाच्या गाडीवर मागे बसली होती. पावसात काळ्या चिखलावर गाडी घसरली. मामाने हात टेकला, त्याचं मनगट गेलं. ती कुशीवर पडली, कोपर सोललं, आणि उठून मामाला उठवायला लागली. तिला विचारलं, काय केलंस? तिला आठवतच नव्हतं. म्हणाली, ‘तुमचं पोट पहा, पोट, असं ऐकू आलं.’ शिकवणाऱ्याला याहून मोठी दाद कोण देणार?

सिनेमा आणि आमची ताडपत्री यांत मला सर्वांत मोठा फरक दिसतो तो शत्रूचा. सिनेमाला शत्रू लागतोच. बापाला मारणारा, बहिणीला पळवणारा, निदान स्पर्धेतला तरी एक माजोरी प्रतिस्पर्धी. आमच्याकडे शत्रूचं कामच नाही, जोडीदार लागतो. डाव शिकायचा तर कोणीतरी आपलं अंग तुमच्या हवाली करायला हवं, की घे, आपट मला, पुन्हा आपट. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्योत ज्युडोची शाळा काढली, आणि पुढे या विद्येच्या मुळाशीच हे ठेवलं की दोघांचंही भलं झालं पाहिजे, पाडणाऱ्याचं आणि पडणाऱ्याचंही. आमच्या वर्गात सगळ्यांना जोडीला हवी असते ती सातवीतली एक किडकिडीत मुलगी. जिंकत फारशी नाही, पण पडते सुरेख. अडून बसत नाही आणि सोंगही करत नाही. तुमचा डाव खरा लागला तरच पडते, आणि लागला की हलकी होऊन जाते. तिच्यासोबत सराव केलेली पोरं पंधरवड्यात सुधारतात. उलट एक दांडगट पोरगा आहे, कधीच पडत नाही, पाय रोवून उभा राहतो. त्याला वाटतं तो जिंकतोय. त्याच्या जोडीला कोणी जात नाही.

मातीतही हेच होतं. जुने वस्ताद कोवळ्या पोराला अंगावर घ्यायचे, त्याला एकेरी पट, म्हणजे एक पाय ओढून पाडायचा डाव, काढू द्यायचे आणि स्वतः खाली जायचे. पाठीला माती लावून घ्यायचे मुद्दाम, पोराला चव कळावी म्हणून. आमच्या आखाड्यातले शेवटचे पैलवान मी लहानपणी पाहिले आहेत. त्यांचे कान पार मोडलेले होते. घासून घासून कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साकळतं, वेळीच काढलं नाही तर तिथेच घट्ट होतं आणि कानाचा आकार जातो. ते कान सरावातले होते, जोडीदाराच्या डोक्याला रोज घासून झालेले. हिरोचे कान बघा कधी. वीस जणांना लोळवून आलेला असतो आणि कान कोऱ्या कागदासारखे.

दारा सिंगांचं मात्र वेगळं होतं. ते आधी पैलवान, मग नट. त्यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्या हा निम्मा तमाशाच असायचा आणि लोक तो तमाशा म्हणूनच तिकीट काढून बघत. मग १९८७ मध्ये रामानंद सागरांच्या रामायणात ते हनुमान झाले. ज्या आखाड्यात हनुमानाला नमस्कार करूनच हौदात उतरायचं, तिथल्या म्हाताऱ्यांना आपला देव खराखुरा पैलवान निघाला याचं कोण कौतुक! टीव्हीसमोर नारळ फोडलेलं घर माझ्या माहितीत आहे. तिथे पडदा आणि आखाडा यांत फरक सांगायला गेलो असतो तर लोकांनी मलाच पाडलं असतं.

आताची पोरं रील करतात. मंदिराच्या ओट्यावरून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून, कडब्याच्या गंजीवरून उड्या मारतात, एक जण मोबाइल धरतो, मग गाणं लावून हळूहळू दाखवतात. वैताग येतो, पण दहावी झालेल्या एका पोराचं रील पाहून मी थांबलो. ट्रॉलीवरून मागच्या मागे पडला होता, आणि हनुवटी आत होती. हात नेमके. तो आता मुंबईला जायचं म्हणतो, सिनेमात स्टंट करायला.

परवा त्याची आई आली, निंदणाहून थेट, हातात विळा. ‘सर, हा मुंबईले जातो म्हणते. काय काम हाय थे?’

मी तिला नीट सांगितलं. सिनेमात मारामारी असते. हिरो मारतो, आणि याच्यासारखी पोरं पडतात. उंचावरून पडायचं असेल तर खाली खोकी आणि गाद्या रचतात, तरी लागतं. हाडं मोडतात, त्याहून वाईटही होतं. अशा लोकांची मुंबईत संघटना आहे, तिच्यात शिरणं सोपं नाही. काम रोज नसतं, असलं की दिवसाचा रोज मिळतो. नाव कुठे येत नाही, आलंच तर अगदी शेवटी.

तिने सगळं ऐकून घेतलं.

‘म्हणजे पडाचे पैसे भेटते?’

‘भेटते.’

‘मंग सर, तुमच्यापाशी थो इतके दिवस काऊन फुकट पडून राह्यला?’